दिवा लावण्याआधीच वाचलेली ओळ

चष्मेवाल्याची मुलगी पायलट होणार हे ऐकून अख्खी गल्ली पोट धरून हसली होती. हसणारच! लहानपणी तिचा चष्मा एवढा जाड होता की नाकाने दोनदा राजीनामा दिला होता. तिला सगळे ‘घुबड’च म्हणायचे. पुढे तिने लेझरने डोळ्यांचं ऑपरेशन करून घेतलं, नंबर गेला, आणि त्या दिवसापासून, खोटं कशाला सांगू, तिला मुंगीच्या कपाळावरच्या आठ्याही दिसायला लागल्या.

पण विमान उडवायचं तर वैद्यकीय प्रमाणपत्र हवं. ऑपरेशनला दीड वर्ष झालं होतं आणि नंबर परत आला नव्हता. सर्जनचा अहवाल, कॉर्नियाच्या, म्हणजे बुबुळावरच्या पारदर्शक पडद्याच्या, जाडीची नोंद, सगळे कागद फायलीत लावून घुबड डॉक्टरांसमोर बसली. बाबा बाहेर बाकावर. म्हणजे बाकावर कमी आणि दाराच्या फटीत जास्त.

डॉक्टरांनी कागद चाळले, खोलीत अंधार केला आणि म्हणाले, “समोरचा तक्ता. सगळ्यात खालची ओळ वाचा.”

घुबडाने एका दमात वाचली.

“शाब्बास. पण तक्त्याचा दिवा मी अजून लावलेला नाही.”

आली का पंचाईत! अगदी हाच तक्ता बाबांच्या दुकानात तिच्या पाळण्यासमोर टांगलेला होता. बोबडे बोल फुटले तेही त्याच आठ अक्षरांवर. फसवायचं तिच्या मनातही नव्हतं, पण तोंड डोळ्यांसाठी थांबलंच नाही.

डॉक्टरांनी फाइल मिटली. “पाठ करून येणाऱ्यांना मी विमानात काय, गच्चीवरसुद्धा सोडत नाही.”

दार धाडकन उघडलं. “अहो डॉक्टर, तिचा काही दोष नाही! असाच तक्ता माझ्या दुकानात...”

“आपण कोण?”

“हिचा बाप.”

“बाबा, बाहेर बसा ना!” घुबड कळवळली. मग त्यांना दाराबाहेर ढकलून डॉक्टरांकडे वळली. “मला दुसरं काहीही वाचायला द्या. तुम्ही लिहिलेली औषधाची चिठ्ठीसुद्धा चालेल.”

“ती नको गं,” कोपऱ्यात उभी असलेली नर्स पुटपुटली. “ती अजून कोणालाच वाचता आलेली नाही.”

डॉक्टरांची मिशी जरा हलली. त्यांनी कपाटातून नवा कोरा तक्ता काढला, पुसट राखाडी अक्षरांचा, आणि तिच्या डोळ्यांवर प्रखर दिवा सोडला. लेझरवाल्यांची खरी परीक्षा हीच. झगझगाटात अक्षरं विस्कटली, की आटोपला कारभार.

ही ओळ घुबडाने जन्मात पाहिली नव्हती. पण तिने घाई केली नाही. तांदळातले खडे वेचावेत तसं एकेक अक्षर वेचलं. शेवटचं झाल्यावर म्हणाली, “खाली कोपऱ्यात छापखान्याचा पत्ता आहे. तोही वाचू?”

डॉक्टर उठले आणि तक्त्याला नाक लावून आले. पत्ता होता!

“पास!” म्हणत त्यांनी प्रमाणपत्रावर झोकात सही ठोकली.

“डॉक्टर,” घुबड हळूच म्हणाली, “सही उमेदवाराच्या रकान्यात झाली.”

डॉक्टरांनी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं आणि खदखदून हसले. “म्हणजे विमान आता मी उडवायचं?”

“उडवा की!” दाराच्या फटीतून बाबा ओरडले. “पण आधी दुकानात येऊन नंबर तपासून घ्या!”

दुसऱ्या कागदावर सही बरोबर जागी पडली. तो छातीशी धरून बापलेक जिना उतरले, तेव्हा दोघांचे पाय एकाही पायरीला लागले नाहीत, असं ती नर्स आजही शपथेवर सांगते.