दुर्गाबाईच्या डाव्या हाताला

“राजश्रीला बसवतंस? रखमाच्या जागंवर?” मी विचारलं.

“मग कोनाला बसवू? धवला एकटीनं गायचा नसतो.” दुर्गाबाई आमच्या उंबऱ्यावरच टेकली होती. चहाला नको म्हणाली. “तो पोरगा रोज फोन करतो. बेलापूरला हॉल पन ठरवलाय. आता त्याला नाय बोलू?”

“नाय बोल.”

“तसं नाय बोलनार. मना गायचंय, दादा,” ती म्हणाली आणि उठून गेली.

धवला म्हणजे आमच्या आगरी लग्नातलं गाणं. प्रत्येक विधीचं वेगळं. ते गाणाऱ्या धवलारिणी जोडीनं बसतात आणि दोघी मिळून एका आवाजात गातात. नावड्यात आणि आजूबाजूच्या गावांत दुर्गाबाई आणि माझी बायको रखमा ही जोडी होती. रखमा कायम तिच्या डाव्या हाताला बसायची.

मागच्या पावसाळ्यात रखमा गेली. त्यानंतर गावात लग्नं झाली, पण दुर्गाबाई एकाही मांडवात बसली नाही. लोकांनी बाहेरून धवलारिणी आणल्या. मला ते बरं वाटलं होतं. माझ्या घरातली जागा रिकामी झाली तशी तिच्या शेजारचीही रिकामी आहे, एवढं मला पुरत होतं. आता तिथं तिची सून बसणार होती. राजश्री, दिघ्याची मुलगी, दवाखान्यात नर्स. लग्न होऊन आली तेव्हा तिला धवल्याचा एक शब्द येत नव्हता.

फोन करणारा पोरगा म्हणजे नेरुळचा अभिराम. नोकरी सांभाळून स्वतः गाणी करतो आणि गिटारवर म्हणतो. कुठल्याशा मित्राच्या हळदीत त्यानं दुर्गाबाई आणि रखमाला ऐकलं होतं, तेव्हापासून तो मागं लागला होता.

रविवारी माझी मुलगी मीना कामोठ्याहून मला न्यायला आली.

“मी नाय येत,” मी म्हणालो.

“नका येऊ. घरी बसून जळत राहा.”

“कोन जळतंय?”

“शर्ट बदला, बाबा. धूर दिसतोय.”

मी शर्ट बदलला. खरं सांगायचं तर कार्यक्रम पडावा, हे बघायलाच मी गेलो.

हॉल कसला, कॉफीच्या दुकानावरची एक खोली होती. भिंतींना काळा रंग, पुढं गाद्या, मागं खुर्च्या. खाली कॉफीचं मशीन फुसफुसलं की वर ऐकू यायचं. आधी चार मुली वाद्याशिवाय नुसत्या टाळ्यांवर गायल्या. मग अभिराम त्याची गाणी म्हणायला बसला. त्याचा माईक किंचाळला तेव्हा मला आनंद झाला, पण तो वाया गेला. आमच्या बायका अजून यायच्या होत्या.

माझ्या पुढं एक माणूस बसला होता. त्या चार मुलींतली एक त्या माणसाची बायको असावी. ती गात असताना तिला टिपणारा मोबाईल त्यानं एकदाही खाली केला नाही. गाणं झाल्यावर ती येऊन शेजारी बसली आणि त्याच्या बाटलीतलं पाणी प्यायली. मी दुसरीकडे बघायला लागलो.

“बाबा, तोंड सरळ करा,” मीना कुजबुजली. “लोकांना वाटंल तुमी तिकीट वसूल करायला आलाय.”

दुर्गाबाई आणि राजश्री आल्या. दोघींनी हिरवी लुगडी आमच्या पद्धतीनं नेसली होती. राजश्री डाव्या हाताला बसली. बसण्याआधी तिनं ती जागा पदरानं पुसली. मला तेही आवडलं नाही.

त्यांनी गायला सुरुवात केली, साथीला अभिरामची गिटार. पोरीचा आवाज चांगला निघाला. चांगला म्हणजे रखमापेक्षाही मोकळा. वर जाताना तो फाटत नव्हता आणि शब्दही स्वच्छ लागत होते. लोक ताठ होऊन ऐकायला लागले. मी तिची चूक शोधत होतो. एक शब्द तरी विसरावी, एकदा तरी पुढं धावावी. ती दुर्गाबाईच्या आवाजाला इतकी चिकटून गात होती की दोन बायका आहेत हे कळू नये. तीस-पस्तीस वर्षांनी जे जमतं, ते हिला एका उन्हाळ्यात जमलं होतं. माझ्या बायकोची जागा भरायला एवढाच वेळ लागतो, असं मला वाटलं.

मग मांडवाचा धवला आला.

“दारीच्या आंब्याला,”

आणि दोघी थांबल्या.

गिटारही अडली. मग पुढं, “पाटाचं पानी गो दिलं.”

पुढच्या ओळीलाही तसंच. अर्ध्यात थांबणं, मग पुढं.

ही ओळ एका दमात म्हणायची असते. सगळ्या धवलारिणी तशीच म्हणतात. रखमाला दमा होता. तिला मध्येच श्वास घ्यावा लागायचा आणि तिच्यासाठी दुर्गाबाई थांबायची. बाकीच्या बायका हसायच्या. “रखमा, गारी बंद परली का गो?” रखमाही हसायची आणि पुन्हा तिथंच थांबायची. तो श्वास आत जाताना बारीक शीळ वाजायची. रात्री माझ्या शेजारीही वाजायची. ती गेल्यापासून मी तो आवाज आठवायला बघतो आणि मला नीट आठवत नाही.

आणि इथं तो होता. शीळ नव्हती, पण तिच्या श्वासाएवढी जागा होती. ती दुर्गाबाईच्या गळ्यात राहिली होती, माझ्याकडे नाही. राजश्रीवरचा राग मी तिथंच विसरलो आणि दुर्गाबाईचा हेवा वाटायला लागला. तो जास्त वाईट होता.

टाळ्या खूप झाल्या. मीना डोळे पुसत होती. लोक उतरल्यावर आम्ही पुढं गेलो.

अभिराम खुशीत होता. “पुढच्या रविवारी रेकॉर्ड करायचं. फक्त ते एक बघू या. मांडवाच्या गाण्यात ओळ मध्येच तुटते. प्रॅक्टिसला वाटलं, मावशींना दम लागतो. पण राजश्रीताई, तुम्हीही थांबता.”

“आई थांबतात म्हणून मी थांबते,” राजश्री म्हणाली. “मला सलग येतं.”

“मना नाय येत,” दुर्गाबाई म्हणाली. ती खाली बघत होती. “लय केलं. तिकरं आलं की थांबायलाच होतं.”

“मग ती ओळ ताईंना एकटीला घेऊ दे. तुम्ही पुढच्या ओळीला या.” अभिराम माझ्याकडे वळला. “काका, तुम्ही इतकी वर्षं ऐकलंय. मुळात कसं आहे? सलग की थांबून?”

दुर्गाबाईनं वर बघितलं. तिला ठाऊक होतं की मला ठाऊक आहे.

सलग, एवढा एक शब्द बोलायचा होता. तो खराही होता. माझ्याकडे नाही ते मग तिच्याकडेही राहिलं नसतं. शब्द तोंडात आला होता.

“थांबून,” मी म्हणालो.

“दोघींनी?”

“दोघींनी. तसंच हाय ते. जुनं हाय.”

“बाबा,” मीना म्हणाली. मी तिच्याकडे बघितलं नाही.

“नक्की?” अभिरामनं विचारलं.

“तुला सांगतो ना. आंब्याला म्हटलं की थांबायचं. घाई नाय करायची.” मग मी राजश्रीला म्हणालो, “तू लवकर उचलतेस. अजून थोरं थांब.”

“म्हणून दाखवू?” तिनं विचारलं.

ती पुन्हा त्याच जागी बसली. दुर्गाबाईनं डोळे पुसले आणि तिच्या शेजारी मांडी घातली. गिटार नव्हती, माईक बंद होता. हॉलचा माणूस मागच्या खुर्च्या उचलून एकावर एक रचत होता.

“दारीच्या आंब्याला,”

दोघी थांबल्या. त्या माणसाच्या हातात एक खुर्ची होती. त्यानं ती तशीच धरून ठेवली. ओळ पुढं सुरू झाली, तेव्हा त्यानं ती आवाज न करता बाकीच्या खुर्च्यांवर ठेवली.