रडणारी भिंत आणि आत कोंडलेली सून

"रडल्या! आज पुन्हा रडल्या!" कोणीतरी ओरडलं आणि जिन्यात ताटकळलेली माणसं आमच्या घरात घुसली. सासूबाई जाऊन वर्ष होत आलं होतं. त्यांच्या बंद खोलीत आता आम्ही ओले कपडे वाळत घालत होतो. थंडी सुरू झाल्यापासून त्या खोलीची बाहेरच्या बाजूची भिंत पाझरत होती, आणि गल्लीभर बोभाटा झाला होता की भिंतीतून म्हातारी रडते.

अहो, त्या बाईनं आयुष्यभर आम्हाला रडवलं, स्वतः कधी डोळा ओला केला नाही. मेल्यावर बरी उपरती झाली! पण हे बोलायची सोय नव्हती, कारण मोठ्या दिरांनी भिंतींचं दुःख ओळखणाऱ्या एका भिंतबाबाला गाठलं होतं.

"थोरल्या सुनेनं माउलीचं मन दुखावलंय," बाबा डोळे मिटून म्हणाला होता. "तिला या खोलीत बसवा. खिडकीच्या फटी बुजवा. विजेच्या शेगडीवर माझं औषधी पाणी अखंड उकळू द्या. भिंत सुकली की माफी मिळाली!"

दिरांनी बायकोला आत घालून बाहेरून कडी लावली. माझ्या या जाऊबाईंना दमा आहे. सासूबाईंचं शेवटचं आजारपण, अंथरूण-पांघरूण, सगळं त्यांनीच काढलेलं. बाबा अधूनमधून यायचा, "दुःख बाहेर जाऊ दे" म्हणत खिडकी सताड उघडायचा. भिंत सुकायला लागली की गर्दी हात जोडायची. तो खिडकी लावून गेला की भिंत पुन्हा ओली. "सून मनात वाईट बोलली," असा निरोप यायचा.

मी शाळेत विज्ञान शिकवते. दिरांना समजवायला गेले, तर म्हणाले, "शाळेतलं शाळेत ठेव."

मी दाराला तोंड लावून विचारलं, "ताई, बऱ्या आहात ना?"

आतून नुसती धाप ऐकू आली. मग म्हणाल्या, "खरंच गं, मी कधी काही बोलले असेन का त्यांना?"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. जेवणाचं ताट द्यायला आत गेले तेव्हा मी डबे गुंडाळायचा चंदेरी कागद ओल्या भिंतीवरची एक जागा पुसून, वाळवून, तिथे चारही कडांनी घट्ट चिकटवला.

दुसऱ्या दिवशी गर्दीसमोर मी बाबाला विचारलं, "माउली रडतात ते भिंतीच्या आतून ना?"

"आतूनच, पोरी! अगदी काळजातून!"

"म्हणजे पाणी या कागदाच्या मागे हवं."

"मागेच असणार!"

मी कागद ओढून काढला. वरची बाजू निथळत होती. मागची भिंत कोरडी ठणठणीत होती.

"पाणी भिंतीतलं नाही, हवेतलं आहे," मी म्हणाले. "आधी ओल्या कपड्यांची वाफ, आता भांड्याची वाफ, ताईंचा श्वास, सगळं कोंडलेलं. थंड भिंतीला लागलं की त्याचं पाणी होतं. झाकणाखाली होतं तसं. ताई आत आहेत तोवर भिंत ओली राहणार, आणि भिंत ओली आहे तोवर तुम्ही ताईंना सोडणार नाही!"

"माउलीनं जागा बदलली!" बाबा चाचरला.

"मग तुम्ही बसा आत. तुमच्यासाठी तर सुकेल."

बाबाला एकदम दुसरीकडचं बोलावणं आठवलं. पण दीर पुढे आले. "मी बसतो. मी तिचा लाडका होतो. माझ्यासमोर ती रडणार नाही."

ताई बाहेर आल्या. शेगडी चालू आणि खिडकी बंद होतीच. दीर आत गेले, बाहेरून कडी लागली. दुपार कलायच्या आत आतून दार ठोठावलं गेलं. "उघडा! भिंत वाहतेय. श्वास घेववत नाही!"

कडी ताईंनीच काढली. दीर घामानं चिंब झाले होते. बायकोकडे बघून त्यांना हुंदका फुटला. "तू इतके दिवस कशी राहिलीस गं?" ताईंनी आत जाऊन शेगडी बंद केली आणि खिडकी उघडली.

भिंत ओली दिसली तर आधी असाच कागद चिकटवून बघा. मागे ओल आली तर गवंडी बोलवा, गळका पाइप शोधा. वर आली तर खिडक्या उघडा, ओले कपडे बाहेर वाळत घाला. बाबा दोन्हीकडे लागत नाही. आणि आत कोणी धापा टाकत असेल, तर आधी माणूस बाहेर काढा. भिंतीचं मागाहून बघता येतं.