मुलगी येऊन बघेल

"उठा," ती म्हणाली. "पाठीमागची ती उशी माझ्या आईची आहे."

चौथ्या मशीनवरची जाडी बाई कॉलर शिवता शिवता थांबली. तिने समोर उभ्या मुलीचा चेहरा निरखला आणि उशी काढून तिच्या हातात दिली. भांडली असती तर बरं झालं असतं. मुलगी भांडायलाच आली होती.

कंबरेला आधार देणारी ती उशी तिनेच आईला आणून दिली होती. आता खोळीला दुसऱ्याच कुणाच्या तरी तेलाचा वास येत होता.

आईला जाऊन सहा आठवडे झाले होते. पाठीसाठी म्हणून वर्षानुवर्षं गिळलेल्या गोळ्यांनी मूत्रपिंडं निकामी केली. "रोज किती घ्यायच्या?" असं डॉक्टरांनी विचारलं, तेव्हा मुलीला सांगता आलं नाही. ती स्वतः फिजिओथेरपिस्ट. लोकांच्या पाठी बऱ्या करणं हाच तिचा धंदा. कारखान्याच्या फाटकावर तिने आईचं सामान न्यायला आल्याचं सांगितलं. खरं तर तिला एक माणूस हवा होता, ज्याच्या अंगावर हे सगळं आदळता येईल.

तो केबिनचं दार उघडून आपणहून बाहेर आला.

"ताई, सामान कपाटात ठेवलंय," सुपरवायझर म्हणाला.

"या खुर्च्या कुणी आणल्या?"

"कारखान्याच्या आहेत."

"बसून बघितलंय कधी? गुडघे कानाला लागतात. यावर नऊ तास वाकून बसलं की पाठीचं काय होतं, ठाऊक आहे तुम्हाला?"

"दुखते ना. माझीही दुखते."

"तुमची खुर्ची गुबगुबीत आहे. काचेतून दिसते."

मागच्या रांगेत कुणीतरी खुदकन हसलं. सुपरवायझरचे कान लाल झाले.

"खरं सांगू?" तो म्हणाला. "तुमच्या आईंनी स्वतःची पाठ स्वतः मोडून घेतली. दोन वाजता काम संपायचं त्यांचं. मी म्हणायचो, जा घरी. ऐकतंय कोण?"

"दोन वाजता?"

आई रोज सात वाजता घरी यायची. दारातच भिंतीला धरून चपला काढायची.

सुपरवायझरने मशीनवरच्या बायकांकडे पाहिलं, बायकांनी कापडाकडे. मग तो आत निघून गेला. काचेमागे खुर्ची करकरली.

"काय म्हणाले ते?" तिने जाडीला विचारलं.

"खोटं नाही बोलले." जाडीने धागा तोडला. "दिवसाचा माल ठरलेला असतो गं. तुझ्या आईचा हात असा, की दोनलाच मोकळी. मग ती या टोकापासून सुरुवात करायची. एकेकीला उठवायची आणि तिच्या मशीनवर आपण बसायची. तोवर आम्ही जाऊन ते करायचो."

तिने हनुवटीने भिंत दाखवली.

भिंतीवर प्लॅस्टिकमध्ये घातलेला कागद होता. मुलीने चार वर्षांपूर्वी आईसाठी काढलेली चित्रं: भिंतीला तळवे लावून मागे वाकणारी बाई, गुडघे वाकवून ओझं उचलणारी बाई. खाली तिचंच अक्षर: दर अर्ध्या तासाने उठा. श्वास रोखू नका. कागदाच्या दोन्ही बाजूंना तळव्यांच्या उंचीवर भिंतीचा रंग काळवंडला होता.

"मशीन थांबलं की साहेबांच्या केबिनमध्ये दिवा लागतो," पलीकडची चष्मेवाली म्हणाली. "म्हणून ती चालवत राहायची. आम्हा आठ जणींच्या दोन फेऱ्या व्हायच्या सहापर्यंत. यांना सगळं माहीत होतं. माल निघत होता, मग कशाला बोलतील?"

"आणि ती स्वतः कधी उठायची?"

चष्मेवालीने कापड उलटून पुन्हा सुईखाली सरकवलं.

"आठ जणी आहात तुम्ही!" तिचा आवाज हॉलभर गेला. "एकीलाही वाटलं नाही, की आता तू ऊठ, मी बसते?"

"म्हटलं की," जाडी म्हणाली. आता तिचाही आवाज चढला होता. "शंभरदा म्हटलं. उशीसुद्धा तिनेच माझ्या पाठीमागे कोंबली. म्हणायची, मला काय धाड भरलीय, माझ्या घरात डॉक्टर आहे."

"डॉक्टर नाही. फिजिओथेरपिस्ट."

"तेच ते. आमची जीभ वळत नाही. तुझ्या आईची तरी कुठे वळायची?"

मुलीच्या बोटांखाली उशीची शिवण ताणली गेली. दोन वर्षांपूर्वी आई ओट्याला धरून वाकली होती, तेव्हा मुलगी म्हणाली होती, "सांगितलेलं करत नाहीस ना? मग माझ्यापुढे कण्हत येऊ नकोस." त्यानंतर आई तिच्यापुढे एकदाही कण्हली नव्हती.

"कागदाने किती होणार, असंही म्हणायची," चष्मेवाली म्हणाली. "माझी मुलगी एकदा येऊन सगळ्यांच्या पाठी बघेल. तिला वेळ नसतो, पण येईल."

"मी म्हणायचे, तुझी लेक येईपर्यंत आम्ही म्हाताऱ्या होऊ," जाडी म्हणाली.

"झालोच की," चष्मेवाली म्हणाली.

येशील का, असं आईने विचारलं होतं, एकदा नाही, अनेकदा. "त्यांना दवाखान्यात पाठव ना, मी कशाला येऊ तिथे?" असं म्हणताना मुलीने फोनवरून नजरही उचलली नव्हती.

चहाच्या सुट्टीची घंटा झाली. मशीनं एकेक करून थांबली. पण बायका बाहेर गेल्या नाहीत. चष्मेवालीने आपली खुर्ची आडवी फिरवली, चष्मा काढून मांडीवर ठेवला आणि मुलीकडे पाठ करून बसली. तिच्यामागे जाडी उभी राहिली, जाडीमागे बाकीच्या.

"इथे," चष्मेवाली म्हणाली. तिचा हात तिथवर पोचत नव्हता.

'मी त्यासाठी आलेले नाही' असं म्हणायला मुलीने तोंड उघडलं. मग उशी बाजूला टाकून तिने त्या पाठीवर अंगठा ठेवला. विरलेल्या कापडाखाली गाठ दगडासारखी लागली. तिने दाबली, गरजेपेक्षा जोरात.

"हळू गं बाई!"

"बोलू नका. श्वास सोडा."

चष्मेवालीने श्वास सोडला. मुलीचा अंगठा कण्याच्या कडेने खाली सरकत गेला. आईची पाठ इथे कशी लागायची, हे ती आठवू लागली. आठवण्यासारखं काही नव्हतं. आईला तिने कागद दिला होता.

घंटा पुन्हा झाली. केबिनचं दार उघडलं.

"ताई, सुट्टी संपली," सुपरवायझर म्हणाला.

"संपली असेल." तिने वर पाहिलं नाही. "माझ्या अजून सात जणी आहेत."