डॉलीचं बाळंतपण

डॉली सकाळपासून एका जागी बसेना. स्वयंपाकघरातून बाल्कनीत, बाल्कनीतून कॉटखाली, कॉटखालून पुन्हा माझ्या पायात. मधेच एखादं पिल्लू मानेला धरून उचलायची, मोरीत नेऊन ठेवायची आणि तिथून परत आणायची. मी ऑफिसला निघण्याच्या गडबडीत होते आणि माझंही वेगळं काही चाललं नव्हतं. डबा भरला तर किल्ली मिळेना, किल्ली मिळाली तर पदराला लावायची पिन मिळेना. एवढ्याशा घरात एकाचा जीव थाऱ्यावर नसला की दुसऱ्याचाही राहत नाही.

"धापा टाकतेय बघ कशी," सासूबाई म्हणाल्या. "उकडत असंल. पानी घाल गो तिला जरा."

"तुम्हीच घाला. मला उशीर होतोय," मी म्हटलं. त्या वाटी-चमचा घेऊन बाल्कनीत गेल्या.

उकडत तर होतंच. चौऱ्याऐंशी सालचा पितृपंधरवडा चालू होता आणि पावसाने पाठ फिरवली होती. वाशीच्या आमच्या पहिल्या मजल्यावरच्या सिडकोच्या घरात मुळात जागाच किती, त्यात आम्ही नवराबायको, मुलगी, सासूबाई, डॉली आणि डॉलीची सहा पिल्लं. मुलगी शाळेत गेलेली. नवरा, म्हणजे सुधीर, पावणे गावाकडच्या एका कारखान्यात. फोन अर्थातच नव्हता.

डॉली सुधीरच्या साहेबांची. पांढरी, गोंडेदार पॉमेरेनियन. साहेबांची बडोद्याला बदली झाली, बाईसाहेबांच्या डोळ्यांतलं पाणी आमच्या सुधीरला बघवलं नाही आणि कुत्री आमच्या घरी आली. तेव्हा सासूबाईंनी अन्नत्याग करायचाच बाकी ठेवला होता. त्यांच्या देवरुखाकडच्या घरी कुत्र्याला पडवीच्या आत पाऊल टाकायला मिळत नसे. शिवाय त्यांचा धाकटा दीर मारोती पिसाळलेलं कुत्रं चावून गेला होता. त्याला गोठ्यातल्या खांबाला बांधून ठेवला होता, पाण्याचा तांब्या दिसला की तो किंचाळायचा, आणि त्याला शेवटपर्यंत सांभाळायला घरात याच होत्या. ही हकिगत आमच्या अख्ख्या बिल्डिंगला पाठ झाली होती.

पण चेंबूरच्या एका घरातला नर आम्ही डॉलीला दाखवला, ती गाभण राहिली आणि सासूबाई बदलल्या. माझं बाळंतपण माहेरी झालं होतं. सुनेचं बाळंतपण करायची त्यांची हौस तशीच राहून गेली होती, ती त्यांनी डॉलीवर भागवली. आंब्याच्या पेटीत जुनं लुगडं अंथरलं. डॉली व्याली तेव्हा रात्रभर उशाशी बसल्या. मग शेपा-ओव्याची धुरी काय, डिंकाचा लाडू कुस्करून काय, तूपभात काय! मला कधी एवढ्या प्रेमाने कुणी तूप वाढलं नव्हतं. मला हसू यायचं आणि थोडा हेवाही वाटायचा, खोटं कशाला बोलू?

भांडण झालं ते उष्टावणावरून. पिल्लांचे डोळे उघडले, ती पेटीबाहेर धडपडायला लागली, त्यांना सुईसारखे दात आले. बाईसाहेबांनी बडोद्याहून पत्र पाठवून मला बजावलं होतं की तीन आठवडे झाले की पिल्लांना बशीत नाचणीची पातळ पेज आणि वरचं दूध चाटवायला लागा, आईवर ठेवू नका. मी नाचणीचं सत्त्व आणून ठेवलं. सासूबाईंनी डबा फळीवर वर चढवला.

"पितरपाखात कुनाचं उष्टावण करतात का? घट बसू देत. मग चांगल्या दिवशी करू."

"आई, ती कुत्री आहेत!"

"मग? त्यांचा जलम नाय काय? पयला घास असा वायट दिवसांत घालायचा?"

सुधीरला विचारलं तर तो म्हणाला, आठ-दहा दिवसांनी काय बिघडतंय? सुधीरचं कशानेच काही बिघडत नाही. तेव्हा सहाही पिल्लं दिवसरात्र डॉलीला लुचत राहिली आणि डॉली, आधीच मुठीएवढा जीव, दिवसेंदिवस वाळत गेली. सासूबाई तिला आणखी तूपभात घालत राहिल्या.

तर त्या सकाळी मी एकदाची पर्स उचलली आणि दार उघडलं. डॉली माझ्या पायांमधून जिन्यात पळाली. पळाली म्हणजे काय, तिचे पाय काठ्यांसारखे ताठ झाले होते. ती दोन पायऱ्या उतरली, लटपटली आणि मधल्या वळणावर पडली. तोंडातून लाळ गळत होती. अंग थरथरत होतं आणि डोळे माझ्याकडे असून मला बघत नव्हते.

नेमके तेव्हाच खालून सोसायटीचे सेक्रेटरी नंदकिशोर दळवी वर येत होते. त्यांनी डॉलीला पाहिलं आणि माणूस एवढ्या चपळाईने उलटा जिना उतरू शकतो हे मला त्या दिवशी कळलं.

"पिसाळली! ओ, कुत्री पिसाळली! दारं लावा!"

धडाधड दारं लागली. दळवी तळमजल्यावरच्या स्वतःच्या घराच्या जाळीआड उभे राहिले आणि तिथून त्यांनी उंटावरून शेळ्या हाकायला सुरुवात केली. "शिवराम! ए शिवराम, दांडका घेऊन ये! वहिनी, तुमी बाजूला व्हा. पोरं शाळेतून यायच्या आत निपटवू. टेन्शन नको. एक फटका, विषय संपला."

वॉचमन शिवराम दांडका घेऊन आलाही. बिचारा माझ्याकडे बघत नव्हता. मी डॉलीच्या आणि त्याच्या मधे उभी राहिले. ओरडत होते की तिला लस टोचलेली आहे. आता लस टोचलेली आहे असं सुधीर म्हणाला होता. पण गॅसचा नंबर पुढच्या महिन्यात लागतोय असंही सुधीर दोन वर्षं म्हणत होता. माझा आवाज मलाच खोटा वाटायला लागला. हिला मारतील, आणि वर सहा पिल्लं पेटीत ओरडतायत, एवढंच माझ्या डोक्यात घुमत होतं.

सासूबाई वरच्या पायरीवर येऊन उभ्या राहिल्या.

"आजी," दळवी जाळीतून म्हणाले, "तुमच्या दिराचं सगळं तुमी डोळ्यांनी बघितलंय. तुमीच सांगा. पिसाळलीय ना?"

सगळे त्यांच्याकडे बघायला लागले. मीसुद्धा. त्यांनी 'हो' म्हटलं असतं तर मी त्या दांडक्यासमोर किती वेळ टिकले असते कोण जाणे. त्या सावकाश खाली उतरल्या, डॉलीच्या शेजारी टेकल्या आणि तिला नीट न्याहाळलं.

"नाय," त्या म्हणाल्या. "पिसाळलेलं कुत्रं असं नसतं. हिला वारं लागलंय. बाळंतिणीला लागतं."

त्यांनी पदर सोडवून डॉलीला त्यात गुंडाळलं आणि उचलून घेतलं. शिवरामने दांडका खाली केला. मला एकदम हायसं वाटलं. ज्या बाईचं एकही म्हणणं मी धड ऐकून घेत नव्हते, तिचं हे एक वाक्य मी देवाच्या कौलासारखं धरलं.

गुरांचा सरकारी डॉक्टर गुरुवारी जवळच्या बोनकोडे गावात म्हशी बघायला येतो, हे मला दूधवाल्याकडून माहीत होतं. आणि तो गुरुवारच होता. नाक्यावर पोपटची रिक्षा उभी होती. पोपट बोनकोड्याचाच. त्याने डॉलीला बघून रिक्षा दोन हात पुढे घेतली.

"चावनार त नाय ना ही, बाय?"

"चावली तर मला चावंल. तुला काय?" सासूबाई आत बसत म्हणाल्या. "हाक तू."

वाशी सुटली आणि रस्ता म्हणजे नुसते खड्डे. एका बाजूला मिठागरं, दुसऱ्या बाजूला सिडकोने खणून ठेवलेली माती. प्रत्येक खड्ड्याला डॉलीचं अंग कमानीसारखं ताठ व्हायचं. तिला हात लावला तर तव्यासारखी भाजत होती. मी घड्याळ बघत होते, मागे बघत होते, पोपटवर ओरडत होते. "जरा जोरात घे ना!"

"रिक्षा हाय, इमान नाय," पोपट म्हणाला.

सासूबाई मात्र गप्प. एरवी रिक्षात बसल्या की उतरेपर्यंत बोलणारी बाई, तिने हू की चू केलं नाही. कोपरखैरण्याच्या अलीकडे त्या एकदम म्हणाल्या, "नंदिनी, मोठ्या डब्यातल्या तांदळाला सोंडे झालेत. ऊन दाखव त्यांना."

"बरं."

"आनि सुधीरला पावट्याची उसळ आवडते, त्यात खोबरं जास्त घालायचं. तू कमी घालतेस."

"आई, आत्ता हे काय?" माझं डोकंच फिरलं. इथे कुत्री मांडीवर मरायला टेकलीय आणि ह्यांना माझ्या उसळीतलं खोबरं दिसतंय! "तुमच्यामुळे झालंय हे सगळं. उष्टावण, चांगला दिवस! सहा जणांनी ओढून ओढून शोषून घेतलं तिला. ती मेली तर मी तुम्हाला कधी माफ करणार नाही."

"नको करू," त्या म्हणाल्या. एवढंच. मी चिडून बाहेर बघत बसले.

डॉक्टर एका गोठ्यात होते. कोपरापर्यंत बाही वर, हात शेणाने भरलेला. आम्हाला बघून बादलीत हात बुचकळले, डॉलीला पेंढ्याच्या भाऱ्यावर ठेवायला लावलं आणि तिच्या हिरड्या बघत विचारलं, "व्याली कधी?"

"तीन आठवडे होऊन गेले."

"पिल्लं?"

"सहा."

"त्यांना वरचं काय देता?"

मी सासूबाईंकडे बघितलं. त्या भिंतीला टेकून उभ्या होत्या. "काही नाही," मी म्हटलं.

"एवढ्याशा कुत्रीला सहा पिल्लं, आणि वरचं काही नाही!" डॉक्टर चिडले, पण त्यांचे हात थांबले नव्हते. पिशवीतून मोठी सिरिंज काढली, पुढच्या पायावरचे केस कापले, शीर शोधली. "मिल्क फिव्हर आहे. म्हशींना होतो तसाच. दुधावाटे अंगातलं कॅल्शियम सगळं निघून गेलंय. धरा घट्ट. हे सावकाश द्यावं लागतं, घाई केली तर हृदय बंद पडेल."

एका हाताने ते औषध सोडत होते आणि दुसऱ्या हाताने नळी तिच्या बरगड्यांवर लावून ऐकत होते. मी डॉलीचे मागचे पाय धरले होते. मधेच ते थांबले. मला वाटलं, संपलं. मग पुन्हा थेंब थेंब सुरू केलं. इतका वेळ सतत धावणारी मी, आता मला बोटसुद्धा हलवता येत नव्हतं.

आधी थरथर कमी झाली. मग ताठलेले पाय माझ्या हातात हळूहळू सैल पडले. डॉलीने एक मोठा उसासा टाकला, पेंढ्यावर तिथेच मुतली, मान वळवून माझ्या मनगटाला नाक लावलं. ती मला बघत होती, आरपार नाही, मला. मला रडू फुटलं आणि मी ते थांबवलंही नाही.

"जगली," डॉक्टर म्हणाले. "पिल्लांना उद्यापर्यंत हिच्याजवळ सोडू नका. घरी गेल्या गेल्या बशीत पातळ पेज द्या त्यांना. आजच."

"डॉक्टर," सासूबाईंचा आवाज आला. इतका बारीक की मला ओळखू येईना. "ही पिसाळलेली नाय?"

"नाही हो. पिसाळलेली कुत्री कॅल्शियमने अशी उठून बसत नाही."

"नक्की?"

"नक्की, आजी."

"म्हंजे मी मरत नाय?"

डॉक्टर त्यांच्याकडे बघायला लागले. सासूबाईंनी मुठीत आवळून धरलेला पदराचा शेव सोडला आणि उजवा हात पुढे केला. अंगठ्याच्या मुळाशी दोन खोल दात उमटले होते. रक्त सुकून काळं झालं होतं.

"पानी दाखवलं आनि चावली," त्या म्हणाल्या. "सकाळी. मारोतीभाऊजींचं पन पान्यानंच कळलं होतं. मला वाटलं, झालं."

माझ्या डोक्यात सगळं उलगडायला वेळ लागला. जिन्यात शिवरामसमोर सासूबाई 'नाय' म्हणाल्या तेव्हा त्यांची खात्री होती, ही पिसाळलेलीच आहे. आणि तिला मांडीवर घेऊन, तिची लाळ त्या जखमेवर गळत असताना, त्या मला तांदळाचं सांगत होत्या. मला त्यांचा इतका राग आला की त्यांना गदागदा हलवावंसं वाटलं. मी त्यांचा तो हात धरला आणि मला तो सोडवेना.

"सांगितलं का नाही?" मी ओरडले. "सुया मिळतात, आई! पोटात घेतात. माणूस वाचतो!"

"मला वाचवलं असतंत गो," त्या म्हणाल्या. "पन आधी हिला मारलं असतंत. चावली म्हटल्यावर त्या शिवरामला तू तरी अडवलं असतंस काय?"

मी डॉलीकडे बघितलं.

"हिची सहा हायत पेटीत, डोळे नुकते उघडलेली," सासूबाई डॉलीच्या कानामागे खाजवत म्हणाल्या. "माझा एकच, आनि त्याला तू हायस."

डॉक्टरांनी साबण आणि पाण्याची बादली पुढे सरकवली. मी सासूबाईंची बाही वर केली आणि हात धुवायला घेतला.