रसनारावांचा घोट

“गिळायची हं, थुंकायची नाही,” डोळ्यांच्या डॉक्टरीणबाई कप पुढे करत म्हणाल्या.

रसनारावांना हे बजावायला हवंच होतं. कॉफीच्या वखारीत त्यांनी उभा जन्म चव घेऊन थुंकण्यात काढला होता. फुर्रकन चमचा ओढायचा, घोट तोंडात घोळवायचा, पिंकदाणीत सोडायचा आणि मालाची प्रत सांगायची. हे नावही वखारीनंच ठेवलेलं. एकदा म्हणे त्यांनी एका घोटात सांगितलं, की या पोत्यावर मांजर व्यालं होतं. पोतं हलवलं तर मागे पिल्लं. मांजर काळं होतं हेही त्यांनी ओळखलं होतं, पण जळकी माणसं तेवढं सांगत नाहीत.

डोळ्यांच्या आत मात्र सूज वर्षानुवर्षं ठाण मांडून बसली होती. औषधानं हटायची, पुन्हा यायची. दाणे निवडणं केव्हाच सुटलं. नोकरी उरली होती ती जिभेच्या जोरावर.

अशा डोळ्यांतला रक्तप्रवाह कॉफीनं किती बदलतो, ते बाई मोजत होत्या. आदल्या दिवसापासून कॉफी बंद, अशी ताकीद होती. रसनाराव सकाळी बायकोच्या हातची रीतसर पिऊन आले होते आणि मिशीतल्या मिशीत हसत त्यांनी यंत्रावर हनुवटी टेकली होती.

कप रिकामा झाल्यावर काही वेळानं बाईंनी पुन्हा मोजलं. प्रवाह चांगलाच घटला होता. रोज पिणाऱ्याच्या डोळ्यांना सवय झालेली असते, त्यांच्यात सहसा एवढा फरक पडत नाही, असं त्या म्हणाल्या.

“काका, कॉफी सोडून बरेच दिवस झाले ना?”

“छे हो, आज सकाळीच...” रसनारावांनी जीभ चावली.

बाई रागावल्या नाहीत, विचारात पडल्या. “घरी कॅफीन काढलेली आणता का?”

तसला माल वखारीच्या कोपऱ्यात पडलेला असे. रसनाराव त्याला ‘मढं’ म्हणत, आणि दारातूनच वासावर ओळखतो अशी फुशारकी मारत. घरची पूड आणून देई तो त्यांचा मेहुणा, वखारीतच पुड्या बांधायला होता.

घरी बायकोनं दोन कप आणून ठेवले. त्यांनी आपला सारून तिचा उचलला आणि घोट घेतला. आता लक्ष देऊन घोळवल्यावर कळलं, तिची खरी होती.

“कधीपासून?”

“मागं डोळे फार सुजले, तेव्हापासून.” ती खाली बघत होती. “कॉफी वाईट असते म्हणाले कुणी. अहो, मग काय आंधळं होऊ द्यायचं तुम्हाला?”

वाईट की बरी, ते डॉक्टरीणबाईंनाही अजून ठरवता आलेलं नाही, हे रसनारावांनी तिला सांगितलं नाही. विचारलं एवढंच, “वखारीत माहीत आहे?”

“मालकांनीच दिली पूड. म्हणाले, बघू तरी ओळखतात का. तुम्ही ओळखली नाहीत. तेव्हापासून तुमच्या मागून माझा भाऊ पुन्हा चव घेतो. तुम्हाला कळू द्यायचं नाही, असं ठरलंय.”

रसनारावांनी आपला कप ओढला. वखारीतल्यासारखा फुर्रकन घोट घेतला, खूप वेळ घोळवला. चव तीच होती, रोजची, आवडीची. भरल्या तोंडानं तसेच उठून ते बेसिनपाशी गेले. वाकले. मग ताठ उभे राहिले आणि घोट गिळून टाकला.