सगळ्यांची एकच तारीख

घानातल्या कुमासी शहरात, असाफो बाजाराच्या बाजूला सर्वा नावाच्या बाईचं छोटं दुकान होतं. गेलेल्या माणसांच्या आठवणीसाठी ती वेबसाइट करून द्यायची. लोक बहुधा पहिल्या स्मरणदिनी ती सुरू करत, त्यामुळे वेबसाइटच्या नावाची मुदतही दरवर्षी त्याच दिवशी संपे आणि पैसे भरून ती वाढवावी लागे. वर्षभर कुणाची ना कुणाची तारीख आलेलीच असायची.

एका वर्षी ती बाळंतपणात अडकली आणि एका नावाची मुदत टळून गेली. कुणीतरी परक्यानं ते नाव उचललं. एका दिवंगत मास्तरांच्या नावावर सट्ट्याची जाहिरात झळकू लागली. सर्वा त्यांच्या घरी माफी मागायला गेली. मास्तरांच्या बायकोनं तिला पाणी दिलं, पण बस म्हटलं नाही.

तेव्हाच सर्वानं ठरवलं, सगळ्या नावांची मुदत एका दिवसावर आणायची. मधल्या महिन्यांचे पैसे भरले की नावं देणारी कंपनी तारखा पुढे सरकवून देत असे. जुलैची पहिली तारीख धरून तिनं घरोघर फोन लावले. सगळे हो म्हणाले. अडले ते फक्त नाना न्टिआमोआ. त्यांची मुलगी बिरागो सुईण होती, एका नोव्हेंबरात तापानं गेली.

"माझी तारीख राहू दे," नाना म्हणाले.

"का हो नाना? बिरागोचंही नाव मास्तरांसारखं गेलं तर?"

"त्या दिवशी तुझा फोन येतो, पोरी. तिचे भाऊ हॅम्बुर्गात. त्यांना आठवत नाही. तू तेवढी विचारतेस, नाना, बरे आहात ना?"

तो फोन सर्वा पैशांसाठी करायची.

"मी तरीही करीन," ती म्हणाली.

"काम नसताना कोण फोन करतं? पण मास्तरांसारखं बिरागोचं नको व्हायला. सरकव."

जुलैत एका सकाळी सगळी कामं उरकली. सर्वाला कित्येक वर्षांनी हलकं वाटलं. पुढे नोव्हेंबर आला. बाळाला ताप होता, दुकानात गर्दी होती, आणि बिरागोचा दिवस निघून गेला. आठवण करून देणारं आता काही नव्हतंच. तिसऱ्या दिवशी भाजी चिरताना तिच्या ध्यानात आलं. सुरी तशीच टाकून ती बाळाला पाठीशी बांधून निघाली.

नाना ओसरीत बसले होते, अंगावर अजून स्मरणदिनाचं काळं वस्त्र.

"चुकले मी, नाना."

"तुझं काम सोपं झालं ना?"

"झालं."

"मग बरं झालं," ते म्हणाले. आवाजात टोमणा नव्हता, आणि तेच तिला जास्त लागलं.

ती जायला उठेना. शेवटी नानांनीच बाजूचं स्टूल पायानं पुढे सरकवलं.

"बस. बिरागोचं ते पान उघडून दाखव. माझ्या फोनवर अक्षरं फार बारीक दिसतात."

सर्वानं फोन धरला. फोटोत दवाखान्याच्या दारात उभी बिरागो हसत होती. नाना तिच्याकडून एकेक ओळ मोठ्यानं वाचून घेत राहिले. मध्येच बाळ रडलं, तर म्हणाले, "दे इकडे. ह्याला भूक नाही, उकडतंय."