बिनदांड्याची सायकल

चंपतच्या पत्राला अजून उत्तर गेलेलं नाही, हे शामसुंदर बोरकरांना रोज दाढी करताना आठवे आणि हात थबके. चंपत हा त्यांचा भिलाई स्टील प्लांटच्या खरेदी विभागातला जुना सोबती. निवृत्तीनंतर तो गोंदियाकडच्या आपल्या गावी गेला, हळूहळू ऐकू येईनासं झालं, तेव्हापासून फोन सोडून पत्रंच लिही. या खेपेला लिहिलं होतं, दिवाळीनंतर भिलाईहून अमरकंटकपर्यंत सायकलनं जाऊ. ‘मले मागचा ट्रक आयकू येत नाही. तू मागं राहून त्याले हात दाखवशील तं जातो. नाही तं या जन्मात राहू दे.’

बोरकरांना जायचं होतं. अडलं होतं सायकलीपाशी. घरातली जुनी सायकल बाजारापलीकडे नेण्यासारखी उरली नव्हती. वाचनालयातून पुस्तकं आणून त्यांनी सगळं पाठ केलं: लांबच्या पल्ल्याला पोलादी सांगाडा बरा, टायर जरा रुंद हवेत, कॅरिअर मजबूत हवा, चढासाठी हलके गिअर हवेत. पण सायकल काही घरात येईना. बायकोनं, कलावतीबाईंनी, विचारलं की सांगत, तिसरं कोटेशन यायचं आहे. त्यात नवल नव्हतं. तीन दुकानांचे भाव समोर आल्याशिवाय या माणसानं घरात कुकरसुद्धा आणला नव्हता. म्हणून त्यांनीही बरेच दिवस ते खरं मानलं.

एका सकाळी मात्र चहा पुढे ठेवत त्या म्हणाल्या, “चंपतभाऊ वाट पाहून राहिले असतीन. नाही जायचं तं नाही म्हना. त्याइले लटकवून कावून ठेवता?”

बोरकरांनी कपाकडे बघत सांगून टाकलं. तिन्ही भाव केव्हाच आले होते. दुर्गला प्रफुल्लच्या दुकानात त्यांनी पुस्तकातल्यासारखीच सायकल हेरली होती. बसायला गेले तर पाय दांड्यावरून पलीकडे जाईना. जोर करून टाकला, तेव्हा सायकलीसकट शेजारच्या रांगेवर कोसळले. प्रफुल्लनं उठवलं, पाणी दिलं आणि तशीच, पण बिनदांड्याची सायकल पुढे केली. तिच्यावर ते सहज बसले. बसले आणि लगेच उतरून घरी आले.

“लेडीज सायकल हाय ते. चंपत मरेपर्यंत हासंन.”

आधी कलावतीबाईच हसल्या, तोंडाला पदर लावून. मग म्हणाल्या, “एकच माल फिट बसत असला, तं तुमच्या ऑफिसात काय करत?”

“सिंगल टेंडर,” बोरकर हळूच म्हणाले. “पन कारन लिहा लागते.”

“मंग लिहा. पाय वर होत नाही.”

इतकं सरळ कारण बोरकरांनी उभ्या नोकरीत कुठल्या फाइलवर वाचलं नव्हतं. त्याच दुपारी दोघं दुर्गला गेली. प्रफुल्लनं सीट खाली घेतली, कॅरिअरच्या दोन्ही बाजूंना थैल्या अडकवल्या आणि बजावलं, “काका, खाली थैली लेके क्या समझेगा? वजन टाकून पहा.”

दुसऱ्या दिवशी थैल्यांत जुने दिवाळी अंक भरून बोरकर जामुलच्या रस्त्याला लागले. सुरुवातीला सायकल कोणी मागून धरल्यासारखी डगमगली, मग सरळ चालू लागली. सिमेंटचा ट्रक मागून आला की त्यांना दुरूनच चाहूल लागे, आणि पुढे कोणी चाललं असल्यासारखे ते उजवा हात लांब करून हलवत. ट्रक वळसा घालून जाई. सायकलीकडे कोणी ढुंकूनही पाहिलं नाही. परतताना त्यांच्या लक्षात आलं, आपण शीळ घालतो आहोत.

घरी येऊन त्यांनी घामेजल्या हातानंच लिहिलं: ‘येतो. सायकल बिनदांड्याची आहे, पाय वर होत नाही. इथे स्टेशनवर उतरलास की तिथेच काय ते हसून घे. मी मागे राहीन.’ नेहमीसारखं पुन्हा वाचलं, पण खोडावंसं काही वाटलं नाही.

वसाहतीच्या सेक्टरातल्या पोस्टाच्या पेटीपाशी ते सायकलीवरून उतरले नाहीत. सीटवरून जरा पुढे सरकून दोन्ही पाय जमिनीवर टेकवले, पाकीट आत सोडलं, आणि ते तळाला पडल्याचा आवाज आल्यावर निघाले.